गाया ‘चौथे राज्य’ नव्हते, आणि त्यात कमीपणा काही नाही

सप्टेंबर २०२३ मध्ये रियाधला भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने दक्षिण कोरियातल्या सात दफनभूमी आपल्या यादीत घेतल्या. गिमहे, हामान, हापचॉन, गोर्यंग, गोसंग, चांगन्यंग आणि नामवॉन या ठिकाणी मातीचे गोल उंचवटे आहेत. गोर्यंगला तर डोंगराच्या धारेवर सातशेहून जास्त. त्यांच्या पोटात गाया नावाच्या संघातले सरदार आणि त्यांचे सोबती पुरलेले आहेत. कोरियन द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, नाकदोंग नदीच्या खोऱ्यात, इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत हा संघ नांदला. समितीने दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. शेजारी बळकट एकछत्री राज्ये उभी राहत असताना गायातल्या घटकांनी आपापली स्वायत्तता राखली आणि ते एकमेकांशी बरोबरीच्या नात्याने राहिले, त्याची ही साक्ष, असे तिने म्हटले.

म्हणजे गायाचा हा गौरव झाला तो संघ म्हणून. खुद्द कोरियात मात्र अनेकांची इच्छा वेगळी आहे. तिथल्या इतिहासात गोगुर्यो, बेकजे आणि सिल्ला या तिघांचा काळ ‘तीन राज्यांचा काळ’ म्हणून शिकवतात. गायालाही त्यात धरा आणि ‘चार राज्यांचा काळ’ म्हणा, अशी मागणी बरीच वर्षे होत आहे. मागणीमागची खंत खरी आहे. गायाची उपेक्षा झालीच. पण उपाय चुकीचा आहे. पंगतीत चौथे पान मांडून गायाला तिथे बसवले, की पंगत कोणी आणि कोणत्या हिशेबाने मांडली हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

हा हिशेब मांडला ११४५ साली, पुढे द्वीपकल्पावर राज्य करणाऱ्या गोर्यो घराण्याच्या दरबारातल्या किम बुशिक या विद्वान मंत्र्याने. राजाज्ञेवरून त्याने ‘सामगुक सागी’ म्हणजे तीन राज्यांचा इतिहास सिद्ध केला. त्यात सिल्लाच्या बखरीला बारा खंड, गोगुर्योला दहा, बेकजेला सहा. गायाला एकही नाही. आता तारखा पाहा. गायातले शेवटचे मोठे राज्य सिल्लाने ५६२ साली गिळले आणि बेकजे ६६० साली पडले. म्हणजे द्वीपकल्पावर खरोखर फक्त तीन राज्ये होती तो काळ अवघ्या ९८ वर्षांचा. त्याआधीच्या कित्येक शतकांत तिथे डझनावारी सत्ता होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक राज्य नव्हत्या. अठ्ठ्याण्णव वर्षांचे नाव सात शतकांना चिकटवले गेले, याचे ‘चार राज्ये’वाल्यांनाही काही वाटत नाही. त्यांना फक्त आकडा बदलून हवा आहे.

त्या डझनावारी सत्तांचे सगळ्यात जुने आणि सविस्तर वर्णन तिसऱ्या शतकातल्या चन शौ या चिनी इतिहासकाराने करून ठेवले आहे. दक्षिणेत माहान, जिनहान आणि ब्यॉनहान असे तीन संघ. माहानमध्ये पन्नासहून जास्त लहान-मोठ्या सत्ता; मोठ्यांत दहा हजारांवर घरे, लहानांत काही हजार. जिनहान आणि ब्यॉनहानमध्ये प्रत्येकी बारा, आणि त्यांतल्या लहान सत्ता सहा-सातशे घरांच्या, म्हणजे आजच्या एखाद्या बऱ्या गावाएवढ्या. या ब्यॉनहानमधूनच पुढे गाया उभा राहिला. जिनहानमधली सारो नावाची एक सत्ता वाढून सिल्ला झाली, आणि माहानमधली एक बेकजे.

या वर्णनात लोखंड आहे. ब्यॉनहान-जिनहानच्या भूमीत लोखंड निघते, हान (म्हणजे या तीन संघांतले), ये (पूर्व किनाऱ्यावरचे) आणि वा (म्हणजे जपानी बेटांवरचे) लोक येऊन ते नेतात, बाजारात खरेदी-विक्री लोखंडावर चालते, जशी चीनमध्ये नाण्यांवर चालते, असे चन शौ सांगतो. गिमहेच्या थडग्यांत लोखंडाच्या चपट्या पट्ट्या खरोखरच मृताखाली अंथरलेल्या सापडल्या. वर्णनात सोदो नावाची जागाही आहे. तिथे मोठा लाकडी खांब उभारून त्यावर घंटा आणि ढोल टांगत. पळून आलेला माणूस तिथे शिरला की त्याला परत देत नसत. या प्रथेमुळे चोरांचे फावते, अशी चन शौची तक्रार आहे. मला त्यातून दुसरेच दिसते. प्रत्येक सत्तेत सरदाराच्या जोडीला ‘आकाशाचा स्वामी’ म्हटला जाणारा एक पुरोहित असे, आणि सरदाराचा हात जिथे पोचत नाही अशी जमीनही असे. सगळी सत्ता एका मुठीत जाऊ नये याची तजवीज या समाजाने केलेली होती, मग ती जाणूनबुजून असो वा परंपरेने.

माहानच्या मोकजी या ठिकाणी राहणाऱ्या ‘जिन राजा’बद्दल चन शौ एक वाक्य लिहून जातो: तो स्वतःहून राजा होऊ शकत नसे. उत्तरेकडच्या बुयोत तर अवर्षण पडून पीक बुडाले की दोष राजावर येई. त्याला बदला म्हणणारे असत, मारा म्हणणारेही असत. पूर्व किनाऱ्यावरच्या ये लोकांत मोठा राजा नव्हताच, पण एका गावाने दुसऱ्याची शीव ओलांडली तर गुलाम, बैल आणि घोडे देऊन भरपाई करावी लागे.

याच चन शौचे एक वाक्य पुढे फार वापरले गेले. हान लोकांत शिस्त कमी, प्रमुख ठाण्याला म्होरक्या असला तरी गावे विस्कळीत, एकमेकांवर नीट वचक ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ. हे वाक्य पुढल्या काळात निकालपत्रासारखे वाचले गेले. पण ते लिहिणाऱ्याची अडचण आपण ओळखायला हवी. चीनच्या नाकलांग आणि देबांग या ठाण्यांतल्या अधिकाऱ्यांना समोर बोलणी करायला एक माणूस हवा होता आणि तो सापडत नव्हता. गंमत अशी की हा माणूस सापडू नये याची सोयही त्याच अधिकाऱ्यांनी केली होती. शिक्के, पट्टे आणि मानाच्या टोप्या घालून मिरवणारे हजारावर लोक हान प्रदेशात होते, असे तोच ग्रंथ सांगतो. हजार माणसांना मानाची टोपी वाटायची आणि मग यांच्यात एकी नाही म्हणायचे! साधारण २४६ साली ठाण्याच्या अधिकाऱ्याने जिनहानमधल्या आठ सत्ता तोडून नाकलांगला जोडण्याचा घाट घातला. त्यावर हानांनी संतापून देबांगच्या छावणीवर हल्ला केला. लढाईत देबांगचा प्रमुख अधिकारी मारला गेला. शेवटी दोन्ही ठाण्यांनी मिळून हानांना चिरडले हे खरे. पण ज्यांना एकमेकांवर वचक ठेवता येत नाही म्हणून हिणवले, त्यांनी साम्राज्याचा सुभेदार रणात पाडला होता.

गायाच्या बाबतीत मुख्य आक्षेप सरळ आहे: ते हरले. एकवटले असते तर टिकले असते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ४०० साली गोगुर्योच्या ग्वांगगेतो राजाने सिल्लाच्या मदतीला पन्नास हजारांचे सैन्य दक्षिणेत पाठवले. ४१४ साली उभारलेल्या त्याच्या शिलास्तंभावर ते कोरलेले आहे. त्या सुमारास गिमहेच्या देसोंगदोंग दफनभूमीत मोठी थडगी बांधणे थांबते. संघाचे वजन समुद्रकाठावरून आत, गोर्यंगच्या देगायाकडे सरकते. पुढे ५३२ मध्ये गिमहेचा शेवटचा राजा गुहे कुटुंबासह सिल्लाला शरण गेला. ५४१ आणि ५४४ साली उरलेल्या सत्तांचे प्रतिनिधी बेकजेच्या राजधानीत, साबीला, जमले. बैठका झाल्या, पण बेकजेला त्यांच्यावर वर्चस्व हवे होते, हामानच्या आराला स्वातंत्र्य हवे होते आणि देगायाचा डाव तिसराच होता. ५५४ मध्ये ग्वानसान किल्ल्याच्या लढाईत बेकजेचा राजा मारला गेला, गायाची माणसेही त्या पराभवात होती, आणि आठ वर्षांत सगळे संपले. संघाची कमजोरी इथे उघडी पडते. ती झाकण्यात अर्थ नाही. त्याही आधी, तिसऱ्या शतकात, किनाऱ्यावरच्या आठ सत्तांनी मिळून आपल्याच भाऊबंदांवर चाल केल्याची नोंद आहे.

पण हरणे हा पुरावा मानायचा तर तो सगळ्यांना सारखा लावा. बेकजे एकवटलेले होते, ६६० मध्ये गेले. गोगुर्यो त्याहून बळकट होते, ६६८ मध्ये गेले. त्यांना कोणी ‘अपुरी राज्ये’ म्हणत नाही. आणि जिंकलेली सिल्ला तरी आधीपासून एकछत्री होती का? १९८९ मध्ये पोहांगजवळ नेंगसुरी इथे एक शिळा सापडली. ५०३ साली एका माणसाच्या मालमत्तेच्या वादावर दिलेला निवाडा तिच्यावर कोरलेला आहे. निवाडा देणारे सात जण आहेत आणि शिळा त्या सातांनाही ‘राजे’ म्हणते. म्हणजे गाया संपण्याच्या साठ वर्षे आधी सिल्लातही सात राजे एकत्र बसून ठरवत होते. सिल्लाने हा रस्ता सोडला तो सहाव्या शतकात, आणि सोडल्यावर लगेच शेजारी गिळायला लागली. तो सिल्लाचा निर्णय होता. इतिहासाने आखून दिलेल्या शिडीची पुढची पायरी नव्हती, की जी चढायला गायाला जमले नाही.

गायाला काय हवे होते याची एक झलक, विरोधाभास असा, किम बुशिकच्याच ग्रंथात संगीताच्या प्रकरणात सापडते. देगायाच्या गासिल राजाने बारा तारांचे वाद्य करवले. तेच आजचे गायागुम, कोरियन संगीताचा प्राण. सगळ्या सत्तांची बोली वेगवेगळी, मग सूर एकच कसा असेल, असे तो म्हणाला आणि उरुक नावाच्या वादकाला त्याने बारा रचना करायला सांगितल्या. त्या रचनांची नावे पाहिली तर बहुतेक गावांची, प्रदेशांची आहेत. पुढे देगायाचे दिवस फिरलेले पाहून उरुक वाद्य घेऊन सिल्लाला गेला. तिथल्या तिघा शिष्यांनी त्याच्या अकरा रचना शिकून घेतल्या आणि या फार पसरट, फार भडक म्हणून त्यांच्या पाचच केल्या. उरुक आधी चिडला. मग ऐकून रडला आणि छान झाल्या म्हणाला. किम बुशिकने हा प्रसंग सुधारणेची कथा म्हणून दिला आहे. मी तो वाचतो तेव्हा मला बारा प्रदेशांचे पाच होताना दिसतात.

मात्र युनेस्कोच्या ‘बरोबरीच्या नात्या’ने हुरळून जायचेही कारण नाही. बरोबरी होती ती सरदारासरदारांत. गोर्यंगच्या जिसानदोंगमधले ४४ क्रमांकाचे थडगे १९७७ मध्ये उकरले तेव्हा मुख्य कोठडीभोवती बत्तीस लहान खड्डे मिळाले. एका माणसाच्या मरणासोबत तिथे तिसाहून जास्त माणसे पुरलेली होती. चांगन्यंगच्या सोंगह्यॉनदोंगला अशाच एका थडग्यात मालकाबरोबर पुरलेली सुमारे सोळा वर्षांची मुलगी सापडली. तिची गुडघ्याची हाडे वारंवार गुडघे टेकून काम केल्याची खूण सांगतात. सिल्लाने ही प्रथा ५०२ साली बंद केली, म्हणजे ज्या सिल्लाच्या विस्ताराला आपण नाके मुरडतो तिथे ही मुलगी कदाचित जगली असती. आपल्याकडेही वैशालीच्या वज्जी संघाला जगातली पहिली लोकशाही म्हणून मिरवतात, तिथल्या सभेत फक्त कुळांचे प्रमुख बसत हे सोयीस्कर विसरून. संघ म्हणजे लोकशाही नव्हे. माझा दावा एवढाच आहे की तीही सत्तेची एक पूर्ण रीत होती. राजेशाहीचा कच्चा मसुदा नव्हता.

हा फरक न समजल्याचे परिणाम राजकारणात दिसतात. ७२० साली पूर्ण झालेल्या जपानच्या ‘निहोन शोकी’त गाया प्रदेशाला मिमाना म्हणून, जपानी दरबाराच्या अंकित मुलखासारखे रंगवले आहे. १९१० ते १९४५ या वसाहतीच्या काळात जपानी अभ्यासकांनी त्यावरून एक सिद्धांतच रचला: प्राचीन काळीही आम्ही इथे राज्य करत होतो, आता परत आलो. २०१० मध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त इतिहास समितीतल्या अभ्यासकांनी जपानी दरबाराचे शासनकेंद्र तिथे नव्हते, तशा अर्थाची संज्ञा वापरणे योग्य नाही, असे मान्य केले. विषय तिथे मिटायला हवा होता. पण युनेस्कोच्या यादीसाठी प्रस्ताव गेला तेव्हा कोरियातल्या काही संघटनांनी रान उठवले, कारण प्रस्तावात नामवॉनच्या सत्तेला गिमुन आणि हापचॉनच्या सत्तेला दारा म्हटले होते. ही नावे ‘निहोन शोकी’तली, म्हणून ती वापरणारे जपानधार्जिणे! अखेर अधिकृत मजकुरातून ती नावे गेली आणि ‘उनबोंग पठारावरची गाया सत्ता’ अशी गुळमुळीत ओळख आली.

आता दारा हे नाव सहाव्या शतकातल्या चिनी लिआंग दरबाराच्या चित्रातही आहे. परदेशी वकिलांच्या त्या चित्राच्या प्रतीत बेकजेच्या वकिलाशेजारच्या मजकुरात आसपासच्या लहान सत्तांची यादी आहे. त्यात दारा आहे, वरचे गिमुन आहे, आणि मौज म्हणजे सिल्लासुद्धा आहे, बेकजेच्या आसपासची चिल्लर म्हणून. हापचॉनला दारा नावाचे गाव आजही आहे. उरुकच्या रचनांमध्ये ‘वरचे गिमुल’ आणि ‘खालचे गिमुल’ आहेत, आणि ते हेच गिमुन, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे कोरियाच्या स्वतःच्या ग्रंथाने, चीनच्या चित्राने आणि गावच्या नावाने जपलेली ओळख राष्ट्राभिमानापायी पुसली गेली. वसाहतवादी सिद्धांताला गाया म्हणजे एक अंकित प्रांत हवा होता आणि त्याच्या विरोधकांना गाया म्हणजे एक अखंड राज्य हवे आहे. दहा-बारा स्वतंत्र नावे दोघांनाही अडचणीची.

सरकारेही यात मागे नाहीत. जून २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी गायाच्या संशोधनाला आणि पुनरुज्जीवनाला राष्ट्रीय कार्यक्रमात जागा द्यायला सांगितले. गाया आग्नेयेच्या ग्यंगसांगपुरता नव्हता, नैर्ऋत्येच्या जॉल्लापर्यंत पसरला होता, तेव्हा या दोन प्रांतांतली जुनी तेढ कमी करायला तो उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे. हेतू चांगला, पैसाही आला, उत्खनने वाढली. पण ‘उपयोगी पडेल’ म्हणून भूतकाळ उकरायला घेतला की काय सापडायला हवे ते आधीच ठरलेले असते. कोरियातल्या अनेक इतिहासकारांनी तेव्हाच नाराजी दाखवली, आणि ती रास्त होती.

मग आपण भारतीयांनी फक्त प्रेक्षक म्हणून बोलायचे का? नाही, आपलाही हात यात गुंतला आहे. अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली, हा मजकूर मराठी व्हॉट्सअॅप गटांतही फिरत असतो. कथा अशी: गायाचा पहिला राजा सुरो सोनेरी पेटीतल्या अंड्यातून जन्मला, आणि ४८ साली आयुता देशाची (आयुता म्हणजे अयोध्या, असे मानतात) सोळा वर्षांची राजकन्या हॉ ह्वांगोक जहाजातून येऊन त्याची राणी झाली. अयोध्येत २००१ मध्ये तिचे स्मारक उभे राहिले, २०१८ मध्ये त्याच्या विस्ताराच्या पायाभरणीला मून यांच्या पत्नी आल्या, २०१९ मध्ये दोन्ही देशांनी टपाल तिकिटे काढली. मुत्सद्देगिरी म्हणून हे सगळे गोड आहे. इतिहास म्हणून त्याला आधार तोकडा आहे. ही कथा येते तेराव्या शतकातल्या इल्यॉन या बौद्ध भिक्षूच्या ‘सामगुक युसा’त, आणि त्यानेही ती अकराव्या शतकातल्या मजकुरावरून उतरवली आहे, म्हणजे सांगितलेल्या घटनेनंतर हजार वर्षांनी. बौद्ध ग्रंथांत मुरलेल्या माणसाला भारतातल्या पवित्र गावांची नावे ठाऊक असणे साहजिक होते. शिवाय पहिल्या शतकात अयोध्या प्रामुख्याने साकेत म्हणून ओळखली जाई.

गिमहेच्या किम आणि हॉ कुळांसाठी ही राणी खरीच आहे. गिमहे किम हे कोरियातले सगळ्यात मोठे कुळ, चाळीस लाखांहून अधिक माणसांचे, आणि एकाच आईबापाची लेकरे म्हणून या दोन कुळांत परंपरेने सोयरीक होत नाही. त्यांच्या श्रद्धेला अयोध्येच्या प्रमाणपत्राची गरज नाही. आपल्याला मात्र ती कथा ‘आपली मुलगी तिकडे राणी झाली’ एवढ्यापुरती हवी असते, त्यामुळे तिच्यातला सगळ्यात बोलका तपशील आपण वाचतच नाही. सुरो यायच्या आधी त्या मुलखात नऊ म्होरके होते. राणी येण्यापूर्वी हे नऊ जण दरबारात आले आणि म्हणाले, आमच्या मुलींतली सर्वांत चांगली निवडून राणी करा. सुरोने नकार दिला. माझी राणी आकाशाने ठरवली आहे, म्हणाला, आणि समुद्राकडे माणसे पाठवली. नवांपैकी एकाची मुलगी केली असती तर तो एक जण राजाचा सासरा होऊन बाकीच्या आठांच्या वर चढला असता. बाहेरून आलेल्या राणीने नऊही जण होते तिथेच राहिले. कथा रचणाऱ्याला अयोध्या कुठे आहे हे माहीत असो वा नसो, संघ कसा सांभाळायचा हे त्याला पक्के माहीत होते.